काळ्या मातीचे गणित

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी रंगसफेदीला आरंभ होतो, आणि दरवर्षी तिचा मुहूर्त एका भेगेपासून होतो. माजघराच्या उत्तरेकडच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत तिरपी चढत गेलेली ही भेग नऊ वर्षांपूर्वी प्रथम दिसली तेव्हा केसाएवढी होती. मी तिच्यात चुना-सिमेंट भरले, वरून हात फिरवला आणि लक्ष्मीपूजन उरकले. पुढच्या वैशाखात तिने पुन्हा तोंड उघडले. तेव्हापासून मी भरतो आणि ती उघडते, असा आमचा क्रम चालू आहे. गेल्या वर्षी तिच्यात आठ आण्याचे जुने नाणे सहज जाऊ लागले, तेव्हा मात्र माझ्या आईने फराळाचे ताट बाजूला सारून म्हटले, "बावा, या भिंतीखाली मी नाही झोपत आता."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यातला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक लेखक म्हणतात, इतकेच. स्थापत्यशास्त्राशी माझा संबंध या भेगेपुरता. परंतु तिचा पाठपुरावा करता करता मी अशा एका इतिहासात जाऊन पोचलो की तो वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यात पुण्याचा पूर आहे, कोयनेचा भूकंप आहे, आणि शेवटी आपणहून शिकणारे एक यंत्रही आहे. सुरुवात मात्र आमच्या गावापासूनच करावी लागेल.

काळी आणि पांढरी

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाशीमच्या अलीकडे आमचे जऊळका लागते. गाडीच्या खिडकीतून पाहाल तर दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. सोयाबीन, तूर, कपाशी यांची ती आई. पण हीच जमीन चैत्र-वैशाखात अशी भेगाळते की वासराचा पाय आत जावा, आणि मृगाचा पाऊस पडला की अशी फुगते की काल उघडणारे फाटक आज उघडू नये.

आपल्या जुन्या लोकांनी गावाचे दोन भाग मानले होते: काळी आणि पांढरी. काळी ती पिकवायची, पांढरी ती राहायची. घर पांढरीवर बांधायचे आणि नांगर काळीत धरायचा. शाळेत असताना मी ही केवळ महसुली वाटणी समजत होतो. आता वाटते, तो एक पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव होता. ज्यांनी काळीवर भिंती घातल्या, त्यांच्या भिंती फाटल्या; ज्यांनी पांढरीवर घातल्या, त्यांच्या नातवंडांना घर मिळाले.

आमचे वडिलोपार्जित घर पांढरीवरच होते. भाऊ वाढले, वाटण्या झाल्या, आणि मी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, म्हणजे काळीतच, प्लॉट घेतला. पाया खणताना एक म्हातारा गवंडी तेथे रोजंदारीवर होता. त्याने खड्ड्यातली ओली माती उचलली, तळहातावर ठेवली, आणि आपल्या बायका पणतीसाठी वात वळतात तशी तिची वात वळली. वात बारीक, लांब झाली, तरी तुटेना. तो म्हणाला, "मास्तर, हे माती लय लबाड हाय. उन्हाळ्यात तोंड वासते अन् पावसाळ्यात फुगते. जितकी बारीक वात, तितकी खोड जास्त. अजून खाली जा, मुरूम लागू द्या."

मुकादम घाईत होता. पावसाळा तोंडावर आला होता, माझ्या कर्जाचा पहिला हप्ता सुरू झाला होता. "एवढे पुरे आहे" असे तो म्हणाला, आणि मीही मान डोलावली. दोष एकट्या मुकादमाचा नाही, हे येथेच कबूल करतो.

तळहातावरची वात

पुढे माझा भाचा इंजिनियर झाला. माती हाच त्याचा अभ्यासाचा विषय. त्याला मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली, तर तो हसेना. "मामा, त्या मिस्त्रीने जी परीक्षा केली, ती आम्ही प्रयोगशाळेत करतो," तो म्हणाला.

स्वीडनमध्ये आल्बर्ट आटरबर्ग नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. ओली माती कोणत्या ओलाव्यापर्यंत मळता येते आणि कोणत्या ओलाव्यानंतर वाहू लागते, याच्या मर्यादा त्याने १९११ च्या सुमारास ठरवल्या. त्यांतली एक परीक्षा अशी की, मातीची वात वळायची, आणि सुमारे ३ मिलीमीटर जाडीला ती तुटू लागली म्हणजे त्या वेळचा ओलावा मोजायचा. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही ही परीक्षा हातानेच होते. आमच्या गवंड्याला आटरबर्ग ठाऊक नव्हता. त्याच्यापाशी आकडे नव्हते, इतकाच काय तो फरक.

काळ्या मातीची खोडही शास्त्राने शोधून काढली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचा पत्थर तयार झाला. तो कुजून, झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात, आणि पाणी मिळाले की पानापानांत शिरून त्यांना दूर सारते. भिजलेले पुस्तक जसे फुगते, तशी जमीन फुगते. वर हलके घर असेल तर ती ते सहज उचलते. वाळली की पुन्हा खाली सोडते. हे उचलणे सर्वत्र सारखे नसते, म्हणून भिंत तिरपी फाटते.

मातीचे आधुनिक शास्त्र मात्र उभे राहिले ते कार्ल टर्झागी या गृहस्थामुळे. १८८३ साली प्राग येथे जन्मलेला हा इंजिनियर पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलला शिकवीत होता. हाताशी मिळेल त्यातून उपकरणे जुळवून त्याने ओल्या मातीवर प्रयोग केले, आणि १९२५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य विचार कोणालाही समजेल असा आहे. मातीवर ठेवलेला भार दोघेजण उचलतात: मातीचे कण आणि कणांमधले पाणी. पाण्याने जितका भार उचलला तितका कणांवरचा कमी होतो. आणि मातीची ताकद मात्र कणांच्या एकमेकांवरील दाबातच असते. म्हणून मुसळधार पावसानंतर जो डोंगर काल भक्कम होता तो आज घसरतो. वजन तेच राहते, परंतु आतला पाण्याचा दाब वाढलेला असतो.

गोलावर गोल

विचार सोपा, पण गणित किचकट. १९१६ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरातला एक धक्का पाण्यात घसरला. तेथील इंजिनियरांनी पाहिले की माती घसरते ती साधारणतः एखाद्या वर्तुळाच्या चापावरून, थाळीतून खीर एका बाजूला ओघळावी तशी. मग हिशेबाची रीत निघाली: उताराच्या चित्रावर एक वर्तुळ काढा, आतल्या मातीचे उभे काप करा, प्रत्येक कापाचे वजन, घर्षण, पाण्याचा दाब मांडा, बेरीज करा. एक वर्तुळ झाले की दुसरे. कारण धोक्याचे वर्तुळ नेमके कोणते, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. एकेका वर्तुळाला तास तास लागत. म्हणून माणसे पाचपन्नास वर्तुळे तपासून थांबत आणि उरलेल्यांसाठी देवावर भरवसा ठेवीत.

१९५८ साली इंग्लंडमध्ये लिटल आणि प्राइस या दोघांनी हे काम विद्युत्-गणकाकडे सोपवले. उताराच्या स्थैर्यासाठी संगणक वापरल्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग. यंत्राला कंटाळा येत नाही. ते शेकडो वर्तुळे तपासते. आपल्याकडेही त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक संगणक तयार होत होता. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. या दोन वर्षांच्या मध्येच महाराष्ट्राच्या इतिहासातला तो काळा दिवस येतो.

१२ जुलै १९६१

पानशेतचे नाव घेतले की पुण्याची म्हातारी माणसे आजही क्षणभर गप्प होतात. आंबी नदीवरचे हे धरण मातीचे. त्याचे काम पुरते झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मार्गाचे आणि दरवाजांचेही काम अपुरे होते. तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. पाऊस विलक्षण झाला. अपुऱ्या मार्गातून पाणी धडधडत वाहू लागले आणि त्यावरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरणाचा माथा उचलून धरण्याची शर्थ केली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्याला आला, आणि १८७९ पासून उभे असलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या; मातीची घरे तर अक्षरशः विरघळली.

मी भाच्याला विचारले, "तुझे आजचे संगणक तेव्हा असते तर पानशेत वाचले असते?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, भराव कुठे, किती खचेल, हे संगणकाने आधी दाखवले असते. पण काम अपुरे आहे हे कळायला संगणक कशाला हवा होता? ते सगळ्यांना दिसतच होते."

मला माझा मुकादम आठवला, आणि माझी डोलणारी मानही.

कोयना रोज हलते

पानशेतनंतर सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. ज्या पठाराला भूकंपाचे भय नाही असे मानले जात होते, तेथे हा भूकंप झाला. शिवसागर जलाशयात पाणी साठवायला प्रारंभ झाल्यापासूनच तेथे लहान धक्के जाणवू लागले होते. धरणाच्या पाण्याने भूकंपाला चालना मिळते याचे कोयना हे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण ठरले.

धरण १०३ मीटर उंचीचे. भूकंपाचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा ५ इतका धरून त्याची रचना केलेली होती. धरणाच्या आतच भूकंपमापक यंत्र बसवलेले होते, आणि त्याने जी नोंद केली ती शेकडा ४९ ची, धरणाला आडवी. लांबीच्या दिशेने तर ६३ ची! धरण तरीही उभे राहिले. मात्र पायापासून सुमारे दोन-तृतीयांश उंचीवर, जेथे खालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तेथे आडव्या भेगा पडल्या. बांधकाम चालू असतानाच उंची वाढवण्याचे ठरल्यामुळे धरणाचा आकार तेथे नेहमीसारखा राहिलेला नव्हता.

पुढची गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती या दोन भारतीयांनी कोयनेचे धरण संगणकात उभे केले आणि कोयनेत नोंदलेलाच धक्का त्याला दिला. त्यांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांची रीत समजण्यासाठी आपल्या आजीची गोधडी डोळ्यांपुढे आणा. सबंध गोधडीच्या ताणाचे गणित एकदम करता येत नाही. पण एकेका तुकड्याचे येते. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो हे मांडायचे, सगळ्या टाक्यांचा मेळ घालायचा, आणि मग एक कोपरा ओढला की दुसऱ्या टोकाला काय होईल ते कळते. धरणाचे असे तुकडे करून धक्का दिला, तेव्हा सर्वांत जास्त ताण आला तो नेमका उतार बदलतो त्या ठिकाणी. जेथे खरी भेग पडली होती, तेथेच!

आज जगभरचे संशोधक भेगांचे नवे गणित मांडले म्हणजे ते खरे की खोटे हे कोयनेवर ताडून पाहतात. या कामाच्या एका प्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या उदाहरणपुस्तकातही कोयना आहे. ज्यांनी सह्याद्री कधी पाहिला नाही असे कोणी तरी रोज संगणकात आपली कोयना हलवून पाहते. खरे धरण मात्र पाठीशी काँक्रीटचे आधार देऊन भक्कम केले गेले, आणि ते अजून महाराष्ट्राला वीज देत आहे.

हीच गोधडीची रीत मातीसाठीही वापरात आली. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या हॉलंडच्या लोकांना आपल्या बंधाऱ्यांची काळजी. म्हणून १९८७ साली डेल्फ्टच्या विद्यापीठात मऊ मातीसाठी एक प्रणाली लिहिण्यास आरंभ झाला. आज बोगदा, पूल, भराव, खोल तळघर यांचा पाया पुष्कळदा आधी संगणकात खणला जातो आणि मग जमिनीत.

आपल्या काळ्या मातीलाही कोणी वाली भेटला नाही असे नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी वर्षानुवर्षे या मातीचा ध्यास घेतला. त्यांचा उपाय असा की, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, आपल्या मुरमाड मातीसारखा, दाबून बसवलेला पुरेसा जाड थर द्यायचा. खालचीचा फुगवटा वरची आवरून धरते. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांसाठी हा उपाय भारतीय मानकांतही आला. "अजून खाली जा, मुरूम लागू द्या" असे म्हणणारा माझा गवंडी याच वाटेवर होता, असे मला वाटते.

शिकणारे यंत्र

आतापर्यंतच्या संगणकाला माणसाने नियम सांगायचा आणि त्याने हिशेब करायचा. १९९० नंतर मातीच्या शास्त्रात निराळा प्रकार शिरला. यंत्राला नियम सांगायचा नाही, दाखले द्यायचे. हजार ठिकाणच्या मातीची वात किती ओलाव्यावर तुटली, तीत चिकणाचे प्रमाण किती, आणि प्रत्यक्षात ती किती फुगली, हे सगळे पुढे ठेवायचे. यंत्र आपला अंदाज करते, चूक किती झाली ते पाहते, आतली वजने थोडी इकडेतिकडे करते, आणि पुन्हा अंदाज करते. असे हजारो वेळा. मी मास्तर असल्यामुळे मला हे चटकन पटले. मुलाला पाढा समजत नसला तरी गिरवून गिरवून उत्तर बरोबर येऊ लागते, त्यातलाच हा प्रकार.

आणि याची गरज आपल्याला किती आहे! ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. सकाळी तेथे आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला बातमी कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले. उतार, पाऊस, खडक, झाडी, जुन्या दरडी यांचे दाखले घेऊन यंत्राने धोक्याचे नकाशे करावेत, असे काम आता देशोदेशी चालू आहे. एक वाडी जरी अशा नकाशामुळे वेळेवर हलली, तरी त्या यंत्राचे पांग फिटले असे मी म्हणेन.

परंतु भाच्याने मला त्याची दुसरी बाजूही सांगितली. गेल्या वैशाखात तो आला, अंगणात खड्डा घेतला, माती पिशवीत भरली. मी उत्साहाने म्हटले, "तुझ्या त्या यंत्राला विचार की, आमची भिंत का फाटते म्हणून."

"विचारतो," तो म्हणाला, "पण मामा, त्याने जे दाखले पाहिले त्यांत जऊळक्याची माती नाही. जे पाहिले नाही त्याबद्दलही ते तितक्याच ठामपणे उत्तर देते. म्हणून त्याचा अंदाज मी घेतो, आणि सही मात्र खड्डा पाहून करतो."

यंत्राने अंदाज दिला. प्रयोगशाळेत माती प्रत्यक्ष फुगवून पाहिली तेव्हा ती अंदाजापेक्षा बरीच जास्त फुगली. त्या दिवशी यंत्रापेक्षा गवंड्याची वात खरी ठरली. आणि आमच्या अंगणातला तो आकडा आता यंत्राच्या दाखल्यांत जमा झाला आहे. पुढे काळीत घर बांधणाऱ्या कोणाला तरी तो उपयोगी पडावा.

उपाय साधेच निघाले. मोरीचे पाणी भिंतीशी मुरत होते, ते पक्क्या नालीने दूर नेले. घराभोवती फरसबंदीचा पट्टा घातला. आईसाठी नवी खोली काढली, तिच्या खालची काळी माती उपसून मुरमाचा थर पाण्याने भिजवून, थरावर थर दाबून बसवला. या वेळी मुकादमाला घाई नव्हती, कारण मीच त्याला घाई करू दिली नाही. त्या गवंड्याला बोलावणे धाडले होते. पण तो दोन वर्षांपूर्वीच वारल्याचे कळले.

जुन्या भेगेवर भाच्याने काचेची एक पट्टी आडवी चिकटवून ठेवली आहे. भिंत हलली तर काच तडकेल. एक पावसाळा गेला; काच शाबूत आहे. मी ते मोठ्या आनंदाने फोनवर कळवले, तर तो म्हणाला, "मामा, एक पावसाळा म्हणजे एकच दाखला. आणखी चारपाच पाहू."

म्हणून यंदा मी त्या भिंतीला चुना लावला, पण भेग बुजवली नाही आणि काचेला हात लावला नाही. आई नव्या खोलीत झोपते. पणतीची वात वळताना ती कधी कधी थांबते, माझ्याकडे पाहते आणि विचारते, "काच पाह्यली का रे आज?" मी कंदील घेऊन जातो आणि पाहून येतो.